आडनावापलीकडची वंशावळ

(किहीम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींनी या गावातल्या मुलांना कित्ता गिरवायला शिकवले. वरच्या ओळीत बघायचे आणि खालच्या ओळीत तसेच उतरवायचे. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तोही एका कित्त्याचाच आहे. तो आपल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि तो गिरवताना होणाऱ्या बारीकसारीक चुकांमुळेच तुम्ही आणि मी वेगवेगळे दिसतो.

बोलण्याआधी एक छोटा प्रयोग लावून ठेवतो. हा आपल्या अलिबाग तालुक्याचा पांढरा कांदा. रस्त्याच्या कडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या तुम्ही रोज बघता. दुपारी शाळेतल्या दोन मुलींनी हा कांदा बारीक ठेचला, त्यात कोमट पाणी, चमचाभर मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घातले आणि तलम फडक्यातून गाळून घेतला. तो गाळलेला रस या काचेच्या पेल्यात आहे. आता मी पेला तिरका धरून, काचेच्या कडेने, अगदी हळू, बर्फात गार केलेले स्पिरिट सोडतो. स्पिरिट वर तरंगेल. पेला असाच टेबलावर राहू दे. आपण बोलू या, आणि मध्येमध्ये त्याच्याकडे बघू या.

मी आज एका आडनावापासून सुरुवात करतो. ते आडनाव आहे केहीमकर.

केहीमकर म्हणजे किहीमचे. हाईम सॅम्युएल केहीमकर हे बेने इस्रायल समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. समाजाच्या मुलांसाठी त्यांनी मुंबईत 1875 साली शाळा काढली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी 1897 साली लिहून पूर्ण केला, पण तो छापून आला त्यांच्या मृत्यूनंतर, 1937 साली तेल अवीवमध्ये. बेने इस्रायल म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, थळकर, आवासकर, नवगावकर, झिराडकर : ही त्यांची आडनावे म्हणजे रायगड जिल्ह्याचा नकाशाच आहे. आज या समाजातले बहुतेक लोक इस्रायलमध्ये आहेत. तिथेही मलिदा या त्यांच्या विधीच्या ताटात पोहे आणि ओले खोबरे असते, आणि किहीम कधी न पाहिलेला मुलगासुद्धा किहीमचे नाव लावतो.

त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी इथून जवळच, नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेले मृतदेह नवगावला पुरले. ही घटना केव्हाची, याविषयी इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत वेगवेगळी मते मांडली गेली. केहीमकरांनी स्वतः ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानली. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, दप्तर नाही. मग या कथेत खरे किती, हे कोणाला विचारायचे?

ते विचारायला एक दप्तर शिल्लक होते. ते त्या माणसांच्या रक्तात होते. ते वाचायचे कसे, हे समजण्यासाठी आधी वारसा म्हणजे काय ते बघू.

आडनाव बापाकडून मुलाकडे अखंड जाते. त्यात आईचा अर्धा शब्द मिसळत नाही. जनुकांचे तसे नसते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. अपत्याला देताना आपण प्रत्येक जोडीतले एकच देतो, पण ते आपल्याला मिळाले तसेच्या तसे देत नाही. देण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात. आपल्या आईचा एक तुकडा, त्याला जोडून आपल्या वडिलांचा एक तुकडा, असे नवे गुणसूत्र तयार होते. गोधडी शिवताना आजी जुन्या लुगड्याचे आणि जुन्या धोतराचे तुकडे जोडते, तसे. पुढच्या पिढीत हीच गोधडी पुन्हा कापली जाते आणि पुन्हा शिवली जाते. प्रत्येक पिढीत तुकडे लहान होत जातात.

हिशेब करून बघा. आई-वडील 2, आजी-आजोबा 4, पणजी-पणजोबा 8. दहा पिढ्या मागे गेलो की 1,024 जागा होतात. आडनाव त्यातल्या एकाच माणसाचे सांगते. उरलेल्या 1,023 जणांबद्दल ते गप्प असते. जनुके त्यातल्या पुष्कळ जणांचे काही ना काही सांगतात. सगळ्यांचे नाही, कारण कापाकापीत काही पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पण बोलतात ती फक्त पुरुषांविषयी बोलत नाहीत, हे महत्त्वाचे.

आता कित्त्याकडे येऊ. आपला डीएनए चार अक्षरांत लिहिलेला आहे. आईकडून सुमारे 300 कोटी अक्षरे, वडिलांकडून सुमारे 300 कोटी. पेशी दुभंगण्यापूर्वी ही सगळी अक्षरे नकलली जातात. नक्कल विलक्षण शुद्ध असते, तरी क्वचित एखादे अक्षर बदलते, गळते किंवा दोनदा पडते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. प्रत्येक नवजात बाळात, आईतही नाही आणि वडिलांतही नाही, अशी साधारण 60 ते 70 नवी अक्षरे असतात. त्यांतली बरीचशी वडिलांकडून येतात, आणि वडिलांचे वय जितके जास्त तितकी ती वाढतात, कारण पुरुषाची बीजपेशी तोवर अधिक वेळा नकलली गेलेली असते. तीनशे पानांचे, पानाला दोन हजार अक्षरे असलेले पुस्तक धरले, तर हा मजकूर दहा हजार पुस्तकांचा झाला. दहा हजार पुस्तकांत साठ-सत्तर चुका! इतका नीट कित्ता गिरवणारा विद्यार्थी गुरुजींना आयुष्यात भेटला नसेल.

या चुकांचे महत्त्व समजायला मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. आपल्याकडे पोथ्या हाताने नकलल्या जात. नकलणाऱ्याच्या हातून एखादा शब्द बदलायचा आणि त्याची पोथी पुढे ज्यांनी ज्यांनी नकलली, त्या सर्वांकडे तो बदललेला शब्द जायचा. त्याला आपण पाठभेद म्हणतो. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो या पाठभेदांमधूनच वाट काढत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली आणि 1966 साली पुरी केली. त्यासाठी 1,259 पोथ्या तपासल्या गेल्या. कोणती पोथी कोणत्या कुळातली, हे पंडितांना कळायचे ते समान पाठभेदांवरून. शुद्ध शब्द कोणत्याही पोथीत असू शकतो, म्हणून त्यावरून नाते कळत नाही. दोन पोथ्यांत नेमका एकच वेगळा शब्द नेमक्या त्याच जागी दिसला, तर त्या एका मूळ पोथीवरून उतरल्या असणार.

डीएनएचे अगदी तसेच आहे. आपल्या अक्षरांपैकी फार मोठा भाग जगातल्या सगळ्या माणसांत सारखाच आहे. आपले नाते सांगतात ते आपले समान पाठभेद.

(आता पेल्याकडे बघा. रस आणि स्पिरिट यांच्या मधल्या सीमेवर पांढरट, कापसासारखे काही जमू लागले आहे. लिक्विडने पेशींची आवरणे विरघळली, मिठाने मदत केली, आणि जे पाण्यात विरघळून होते ते गार स्पिरिटमध्ये विरघळेना म्हणून वर आले. हा कांद्याचा डीएनए, लाखो पेशींचा एकत्र गुंता. या काडीने तो अलगद गुंडाळता येतो. पुढच्या मुलांनी जवळ येऊन बघा. कांद्याच्या एका संचात सुमारे 1,600 कोटी अक्षरे असतात, माणसाच्या पाचपट. मजकूर लांब असला म्हणजे जीव थोर ठरत नाही, एवढे लक्षात ठेवा.)

एका अक्षराने काय होते, याचे आपल्या जवळचे उदाहरण सांगतो. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या काही माणसांचे रक्त जगापुढे मांडले. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचे वाटे, पण त्या माणसांना ओ गटाचे रक्त चालत नसे. जगभरच्या पुस्तकांत हा गट बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून आहे. ए आणि बी या खुणा रक्तपेशीवर एका पायावर उभ्या राहतात, त्याला एच म्हणतात. एच घडवणाऱ्या जनुकात, आपल्याकडच्या बहुतेक बॉम्बे गटाच्या माणसांमध्ये, 725व्या जागेचे एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे पाया पडतच नाही, आणि पाया नाही तर वर ए-बी उभे कसे राहणार? आई-वडील दोघांकडून बदललेलीच प्रत आली, तरच हे घडते. भारतात साधारण 10,000 माणसांत एक असा असतो.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. अशा बाईकडे बी गटाचे जनुक असू शकते, फक्त ते दिसत नाही. नवरा ओ गटाचा, बायको तपासणीत ओ, आणि बाळ मात्र बी. ज्याला फक्त शाळेतला तक्ता ठाऊक आहे तो त्या आईकडे संशयाने बघेल. बाळाला वडिलांकडून एचची चांगली प्रत मिळाली आणि आईच्या पोटात दडलेले बी उघडे झाले, इतकेच ते असते. जे दिसत नाही तेही वारशाने जाते. हे न कळल्यामुळे किती बायांनी काय सोसले असेल, याचा विचार मनात आला की मला अस्वस्थ व्हायला होते. म्हणून मी वर्गात हा धडा कधीही घाईने शिकवला नाही.

उत्परिवर्तन चांगले की वाईट, असे मुले विचारतात. बहुतेक बदलांनी काहीच होत नाही. काहींनी आजार होतो. क्वचित एखादा उपयोगी पडतो, आणि कधी एकच बदल दोन्ही असतो. नंदुरबार-गडचिरोलीकडे आढळणारा सिकलसेलचा बदल हा असाच एका अक्षराचा. दोन प्रती आल्या तर आयुष्यभराचे दुखणे. एकच आली तर हिवतापाच्या गंभीर रूपापासून बऱ्यापैकी संरक्षण. म्हणून जिथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या थैमान घातले तिथे तो टिकला.

निसर्गाच्या अशा निवडीला आधी फरक लागतो. हे ज्या माणसाने याच गावात बसून पाहिले, त्यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली 1930 साली किहीमला राहत होते आणि सुगरणीची वसाहत रोज न्याहाळत होते. नर घरटे अर्धे विणतो, माद्या येऊन ती अर्धवट घरटी पारखतात, एखादी पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो : हे त्यांनी इथे टिपले आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले. सगळी घरटी आणि सगळे नर हुबेहूब सारखे असते, तर मादीने पारखायचे काय? उत्परिवर्तन फरक पुरवते, आणि जगण्याची कसोटी त्यातून निवडते. माणसाच्या एका जनुकात उत्परिवर्तन किती वेगाने होते, याचा पहिला अंदाज 1935 साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी रक्त न गोठण्याच्या आजारावरून केला. तेच हॉल्डेन 1957 साली भारतात येऊन स्थायिक झाले आणि प्राण्याला न मारता, नुसत्या निरीक्षणाने होणाऱ्या विज्ञानाचा त्यांनी आग्रह धरला. सालिम अलींचे किहीममधले काम त्याच जातीचे होते.

आता पुन्हा गलबताकडे. 2016 साली संशोधकांनी बेने इस्रायल समाजातल्या 18 व्यक्तींचा डीएनए तपासला आणि 41 इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समाजांतल्या 486 जणांशी ताडून पाहिला. पाठभेद जुळवून पाहिले, तेव्हा दिसले की या समाजाचे वारशाचे धागे इथल्या भारतीय लोकांशी जवळचे आहेत, आणि त्याच वेळी मध्यपूर्वेतल्या ज्यूंशीही त्यांचे भरीव नाते आहे. तपासलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी समाजांत असे नाते फक्त यांच्यातच सापडले. ज्याला लिखित पुरावा नव्हता, त्या आजीच्या गोष्टीचा गाभा खरा निघाला.

हे केव्हा घडले? इथे गोधडीचे तुकडे कामाला येतात. मिसळण नुकतीच झाली असेल तर तुकडे लांबलचक असतात. जितक्या पिढ्या लोटतील तितके ते बारीक होतात. तुकड्यांची लांबी मोजून उत्तर आले : ही मिसळण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची आहे. पिढी 28-30 वर्षांची धरली, तर साधारण साडेपाचशे ते हजार वर्षे. लक्षात घ्या, हा आकडा लग्नसंबंधांचा आहे, किनाऱ्यावर पाऊल ठेवल्याचा नाही. पाहुणा आला केव्हा आणि सोयरा झाला केव्हा, या दोन वेगळ्या तारखा असू शकतात.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक : कोणाचे कोणाशी? स्त्रीकडे एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषाकडे एक. म्हणून समाजातल्या एक्सचा दोन तृतीयांश प्रवास स्त्रियांमधून होतो. एक्सवरचा वारसा उरलेल्या गुणसूत्रांशी ताडला, तेव्हा दिसले की दूरच्या ज्यू वारशात पुरुषांचा वाटा जास्त होता आणि स्थानिक वारशात स्त्रियांचा. याला दुजोरा देणारे आणखी एक छोटे दप्तर आहे. पेशीतल्या तंतुकणिकांचा स्वतःचा 16,569 अक्षरांचा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. 2008 साली जगभरच्या ज्यू समाजांच्या अशा मातृरेषा तपासल्या, तेव्हा बेने इस्रायलांच्या रेषा मोठ्या प्रमाणात थोड्याच आज्यांपाशी जाऊन पोहोचल्या, आणि त्या आज्या इथल्या मातीतल्या होत्या.

या निष्कर्षाशी मी थोडा थांबतो, कारण त्याला एक जुनी जखम चिकटलेली आहे. बेने इस्रायल समाजात पूर्वी गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भेद होते. ज्यांच्या वंशात बाहेरची आई आहे असे मानले जाई, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक होत नसे. जात मानणाऱ्या गावात राहून हा समाजही जात शिकला. पुढे तोच न्याय साऱ्या समाजाला लावला गेला. इस्रायलमध्ये 1960च्या दशकाच्या सुरुवातीला काही धर्मगुरूंनी बेने इस्रायलांच्या लग्नांत त्यांच्या आयांच्या वंशाची चौकशी मागितली. लोक रस्त्यावर आले, धरणे धरले, आणि 1964 साली त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. ती कोणत्याही प्रयोगशाळेने दिली नाही, आणि देण्याचा अधिकारही प्रयोगशाळेला नाही. कोण कोणत्या धर्माचा, हे श्रद्धा आणि समाज ठरवतो. पण प्रयोगशाळेने एक गोष्ट निर्विवाद दाखवली. ज्या स्थानिक आईवरून काळे ठरवले गेले, तशा आया समाजाच्या मुळातच आहेत. गोऱ्यांच्याही.

आणि हे ऐकून कोणी हिंदू घरात बसून मान डोलावू नये. 2013 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भारतभरच्या समाजांचे हेच तुकडे मोजले. 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळले. नंतर दारे बंद झाली आणि प्रत्येक जण आपापल्या जातीत लग्ने करू लागला. आपले सोवळे फार नंतरचे आहे. आपली मिसळण त्याहून जुनी आहे.

बंद दाराची किंमत असते. बेने इस्रायलांच्या अभ्यासातही हे दिसले की मिसळणीनंतर समाज एकदा फार लहान झाला आणि पुढे आपापसातच लग्ने होत राहिली. अशा समाजात एकाच पूर्वजाची चुकीची प्रत आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते, आणि जे दडून असते ते आजार होऊन वर येते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. त्या दोघांत जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा समान असतो. म्हणून माझी तळमळीची विनंती आहे : पत्रिका बघायची तर बघा, पण लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. वाहक असणे हा दोष नाही. प्रत्येकाच्या कित्त्यात चुका आहेत, तुमच्या आणि माझ्याही. दोघांची चूक एकाच ओळीत आहे का, एवढेच आधी बघायचे आहे.

दुसरी विनंती मुलांना. आपल्या बहुतेक वंशवृक्षांत फांदी मुलाच्या नावाने फुटते आणि मुलगी सासरी गेली की थांबते. आज घरी गेल्यावर आजीला तिच्या आईचे नाव आणि माहेरचे गाव विचारा, मग तिच्या आईच्या आईचे. जिथे आजीची आठवण संपेल, तिथवर वहीत लिहून ठेवा.

नवगावला जाल तेव्हा त्या दफनभूमीपाशी थोडे उभे राहा. तिथे गलबतातून आलेल्यांची आठवण जपलेली आहे, आणि ती जपलीच पाहिजे. पण केहीमकरांच्या त्या दुसऱ्या आज्या कुठल्याच गलबतातून आल्या नव्हत्या. त्या आधीपासून इथेच होत्या. याच वाड्यांत पाणी भरत होत्या, याच खाडीकाठी भात लावत होत्या. एक दिवस त्या परक्या घरात सून म्हणून गेल्या, त्या घराची प्रार्थना शिकल्या, आणि त्या घराला त्यांनी आपली मराठी दिली. त्यांची नावे केहीमकरांच्या ग्रंथात नाहीत, नवगावच्या दगडावर नाहीत. कितीतरी लेकरांच्या पेशींत मात्र त्यांची ती 16,569 अक्षरे, क्वचित एखाद्या पाठभेदासह, आईकडून लेकीकडे आजवर गिरवली जात आहेत.